दोन कातींपूर्वी

मावशींना वेळ विचारण्यात अर्थ नव्हता. प्राणिसंग्रहालयाच्या सर्पगृहात त्यांना अठरा वर्षं झाली होती, पण मनगटावर घड्याळ नव्हतं आणि भिंतीवरचं कॅलेंडर कोणत्या सालातलं ते देवच जाणे. मागच्या अरुंद बोळात मात्र ओळीने खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेक कात लोंबत होती. कातीला सुतळी, सुतळीला तारखेची चिठ्ठी. सगळ्या काती एकीच्याच, आत्याबाईच्या.

आत्याबाई म्हणजे चौदा फुटी अजगरीण. घरी राहायला आलेली आत्या जशी एका जागी बसते, बोलत काही नाही, पण सगळ्यांवर नजर ठेवते, तशीच ही. म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मावशी नोकरीला लागल्या त्यानंतर दोन महिन्यांनी ती आली. तेव्हापासून मावशींचा काळ तिच्या कातडीवर चालायचा. पाण्याचा पाइप कधी फुटला? तीन काती झाल्या. मुलाचं लग्न? चौदा कातींपूर्वी. सूनबाईने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती तोंडावर हात ठेवून म्हणाली, "आई, माझं लग्न सापाच्या कातड्यावर मोजता?" मावशी म्हणाल्या, "मग कशावर मोजू? तुमच्या लग्नाचा अल्बम अजून छापून आलाय का?"

तर त्या वर्षी आत्याबाईचं पोट फुगलं. शेपटीकडचा अर्धा भाग दिवसेंदिवस जाड होत गेला आणि मावशींच्या जिवाला घोर लागला. संग्रहालयाचे डॉक्टर मागच्या वर्षी निवृत्त झाले होते आणि त्यांची खुर्ची रिकामीच होती. मावशी स्वतः जाऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. साहेब म्हणजे संग्रहालयाचे अधीक्षक. माणूस वाईट नव्हता, फक्त कागदाला फार भ्यायचा. त्यांनी फोन फिरवले आणि सापांच्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या परदेशातून आलेल्या, लांबच्या शहरात शिकवायच्या, आणि त्यांना इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती.

"आल्या आल्या त्या हिस्ट्री विचारणार," साहेब म्हणाले.

"म्हणजे राजेरजवाड्यांची?"

"आत्याबाईची हो! कधी खाल्लं, कधी शी केली, कधी कात टाकली. मागे बिबट्याच्या तपासणीला हेडक्लार्क मध्ये बोलले. दोन आठवडे जेवत नाही असं सांगायचं, तर हे सांगून बसले की दोन आठवड्यांनी जेवेल. डॉक्टर सामान उचलून निघाले होते. ते नको. तुम्हीच बोला, तिचं खाणंपिणं मला कुठे ठाऊक. तीन आठवडे आहेत हातात."

मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी अक्षरं लागायची, शब्द सुटे सुटे यायचे. पण झालेली गोष्ट झाली म्हणून सांगायची वेळ आली की गाडी रुळावरून घसरायची. घरी सूनबाई होती, ती शाळेत सहावीला इंग्रजी शिकवायची. संध्याकाळी शेंगा सोलायला बसल्यावर मावशींनी विषय काढला.

"घे बाई शिकवणी. सासूवर छडी उगारायची संधी कुणाला मिळत नाही."

सूनबाईने संधी सोडली नाही. तिने शेंगांचा ढीग सरकवला आणि टेबलावरच धडा मांडला. "हे बघा आई. अगो म्हणजे आजच्या दिवशी उभं राहून मागे बोट दाखवायचं. थ्री डेज अगो. सिन्स म्हणजे खुंटा. जिथून सुरुवात झाली तिथे ठोकायचा. सिन्स मंडे. आणि फॉर म्हणजे त्या खुंट्यापासून इथपर्यंत दोरी किती लांब. फॉर टेन डेज."

खुंटा आणि दोरी मावशींना पटकन कळलं. मग तीन आठवडे घरात दुसरं काही नव्हतं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, आंघोळीला जाता जाता प्रश्न. चहा कधी प्यायलात? टेन मिनिट्स अगो. लाइट कधीपासून गेलेत? सिन्स फोर ओक्लॉक. मुलगा बिचारा घरात शिरला की बुजायचा, कारण शिरल्या शिरल्या मावशी त्याला ऐकवायच्या, "यू आर लेट फॉर वन अवर!" आणि सूनबाई आतून ओरडायची, "आई, तिथे फॉर नको!" मावशी म्हणायच्या, "असू दे, उशीर तर खरा आहे ना!"

"खरं घडलेलंच सांगत जा," सूनबाई म्हणायची. "खरं असलं की आठवत बसावं लागत नाही. तोंड आपोआप चालतं."

आणि इथेच पाणी मुरत होतं.

शेवटच्या आठवड्यात मावशींनी सर्पगृहाच्या वहीतून तारखा उतरवून आणल्या आणि डॉक्टर येण्याच्या दिवसापासून मागे मोजून वाक्यं बसवली. कात कधी टाकली, ते वाक्य त्या झोपेतही म्हणाल्या असत्या. विष्ठा कधीपासून नाही, तेही जमलं. पण "शी एट ट्वेल्व डेज अगो" हे एवढंसं वाक्य आलं की त्यांची जीभ लुळी पडायची. कधी एट विसरायच्या, कधी अगो, कधी बारा. सूनबाईला कोडं पडलं. एवढं सोपं वाक्य, त्यालाच का ठेच लागते? तिने ते पन्नास वेळा म्हणायला लावलं, वहीत शंभर वेळा लिहायला लावलं. शेवटी मावशींचं ते वाक्य सगळ्यांत गुळगुळीत झालं.

ठेच लागायचं कारण मावशींना पक्कं ठाऊक होतं. वहीतल्या त्या तारखेला आत्याबाईने काही खाल्लंच नव्हतं.

सर्पगृहात एक जुनी वहिवाट होती. दर पंधरा दिवसांनी कोठीतून आत्याबाईच्या नावावर दोन कोंबड्या निघायच्या. सापाचा काही नेम नसतो, कधी खातो, कधी ढुंकूनही बघत नाही. न खाल्लेली कोंबडी परत करायची तर तीन प्रतींत अर्ज, त्यावर प्राणी का जेवत नाही याचा खुलासा, मग आठवडाभर रोजचा अहवाल. मावशींच्या आधीचे कामगार निवृत्त होताना त्यांना किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर हाही मंत्र देऊन गेले होते, "सापाने नाही खाल्लं तर पलीकडच्या कोल्हीला घाला आणि वहीत खाल्लं लिहा." आताची कोल्हीही म्हातारी, एका पायाने अधू. तिचं भलं व्हायचं, अन्न वाया जायचं नाही, कागद वाचायचे. चोरी म्हणावी तर मावशींनी घरी पीसदेखील नेलं नव्हतं. अठरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

पण या खेपेला आत्याबाईने एकदा नाही, दोनदा नाही, लागोपाठ चार वेळा तोंड फिरवलं. पहिल्यांदा मावशी म्हणाल्या, कात येत असेल. आलीसुद्धा. दुसऱ्यांदा म्हणाल्या, रुसली असेल. तिसऱ्या वेळी पोट फुगायला लागलेलं होतं आणि वहीत दोनदा खाल्लं लिहून झालेलं होतं. आता नाही लिहायचं तर आधीचं खोटं उघडं पडणार. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. मावशींनी चौथ्यांदाही खाल्लं लिहिलं आणि त्या दिवशी कोल्हीकडे बघायचीसुद्धा त्यांना लाज वाटली. तरी मनाला समजावलं, डॉक्टर येणार आहेत, त्या हात लावतील, त्यांना कळेल. साप उपाशी आहे की जेवलेला, एवढ्या मोठ्या डॉक्टरला कळणार नाही का?

डॉक्टरीणबाई सकाळी दहाला आल्या. उंच, उन्हाने रापलेल्या, पायात गमबूट, केस फडक्यात बांधलेले. हात एखाद्या सुतारासारखे खरबरीत. मावशींना त्या बघताक्षणी आवडल्या. साहेब कोट घालून आले होते, हेडक्लार्क वह्या छातीशी धरून उभे होते. आत्याबाई दिव्याखाली घट्ट वेटोळं घालून पडली होती, हात घालायला जागाच देईना. पोटात डोकावणारं यंत्र डॉक्टरीणबाईंच्या शहरात होतं आणि तिथवर तिला या अवस्थेत नेणं धोक्याचं होतं. त्यांनी वेटोळ्याला चार ठिकाणी दाबून पाहिलं, पाठ सरळ केली आणि स्वतःची टिपणवही उघडून मावशींकडे वळल्या.

शेवटचं कधी खाल्लं?

मावशींचं तोंड आपोआप चाललं. "शी एट ट्वेल्व डेज अगो."

एक अक्षर चुकलं नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मावशींनी मात्र आत्याबाईकडे बघायचं टाळलं.

पुढचंही बिनचूक. कात, थ्री वीक्स अगो. विष्ठा, नो, फॉर सेव्हंटी डेज. हेडक्लार्कनी वही पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी तारखांवरून बोट फिरवलं. दहा आठवड्यांत चार वेळा जेवण, आठ कोंबड्या, आणि बाहेर काही नाही. त्यांनी वही मिटली. साहेबांशी त्या भरभर बोलल्या. मावशींना सगळं कळलं नाही, पण जेवढं कळलं तेवढं पुरेसं होतं. आतडं तुंबलंय. आज दुपारीच पोट उघडावं लागेल. वय झालंय, भूल झेपेलच असं नाही.

बाई, बाई, बाई! जिच्या पोटात आठ कोंबड्यांपैकी एकही गेली नव्हती, तिचं पोट त्या कोंबड्या काढायला फाडणार होते. आणि हे सगळं त्यांच्या एका वाक्यावर, सुनेने शंभर वेळा घोटून घेतलेल्या वाक्यावर.

डॉक्टरीणबाई पेटी उघडून औषधं काढायला बाहेरच्या खोलीत गेल्या. मावशींनी साहेबांना गाठलं. "साहेब, एक सांगायचंय. वहीत लिहिलंय तसं नाहीये ते. आत्याबाई जेवलेली नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, काय बोलताय? वहीवर माझी सही आहे. दर आठवड्याची."

"म्हणूनच सांगते. त्यांना सांगा."

"परक्या माणसासमोर आपलीच वही खोटी म्हणू? आता मध्ये बोलू नका. त्या तज्ज्ञ आहेत, त्यांचं त्या बघतील."

साहेब बाहेर गेले. काचेपलीकडे आत्याबाई पडून होती, जीभ बाहेर येत होती, आत जात होती. अठरा वर्षं तिने मावशींना कधी दात लावला नव्हता. मावशींना दीड वर्षाची नोकरी दिसली, निवृत्तीचा निरोपसमारंभ दिसला, आणि मग ऑपरेशनचं टेबल दिसलं. आतापर्यंत त्यांना इंग्रजी बोलता येत नव्हतं, तेव्हा गप्प बसायला कारण तरी होतं. आता तेही उरलं नव्हतं.

त्या तरातरा बाहेर गेल्या. साहेबांना ओलांडून थेट डॉक्टरीणबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"डॉक्टर. शी नॉट ईट. नोटबुक नो. नोटबुक लाय." अगो, सिन्स, फॉर, सगळं एकदम अंगावर धावून आलं आणि कोणतं कुठे लावायचं ते कळेना. "आय राइट, ईट, ईट, ईट, ईट. बट नॉट ईट. जॅकल एट."

डॉक्टरीणबाईंचे हात थांबले. "जॅकल?"

"यस. जॅकल. ऑल." मावशींनी कोल्हीच्या पिंजऱ्याकडे हात केला.

हेडक्लार्कनी डोळे मिटले. साहेब पुढे आले, पण डॉक्टरीणबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. मग शेवटचं खरं जेवण कधी?

मावशींनी तारीख आठवायचा प्रयत्न केला. वहीतल्या सगळ्या तारखा खोट्यात मिसळून गेल्या होत्या. खरी आठवण एकाच ठिकाणी होती. "टू स्किन्स अगो," त्या म्हणाल्या.

"टू स्किन्स...?"

मावशींनी त्यांचं मनगटच धरलं आणि बोळात नेलं. ओळीच्या टोकाच्या दोन काती खिळ्यांवरून उतरवल्या, चिठ्ठ्यांसकट. पहिली हातात दिली. "धिस." दुसरी दिली. "बिफोर धिस, धिस." मग दुसरीचा खिळा आणि तिच्या आधीच्या कातीचा खिळा यांच्यामधल्या रिकाम्या भिंतीवर बोट ठेवलं. "बिफोर धिस, ईट. सिन्स दॅट, नथिंग."

खुंटा बरोबर जागी बसला होता. मावशींच्या ते लक्षातही आलं नाही.

डॉक्टरीणबाई कातींवरच्या तारखा वाचत राहिल्या. वहीतली चार खोटी जेवणं वगळली तर सत्तर दिवस उपवास. त्यात दोन काती, चार आठवड्यांच्या अंतराने. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. ती कशी झोपते, त्यांनी विचारलं. मावशींनी स्वतःचा तळहात उताणा करून दाखवला, पोट दिव्याकडे. जवळपास नर आहे का?

"हजबंड," मावशी म्हणाल्या. "नेक्स्ट रूम. वॉल रिपेअर. सो, वन रूम, टुगेदर." आणि इथे त्यांना दोरी आठवली. "फॉर सिक्स्टीन डेज."

"हे वहीत नाही!" हेडक्लार्क न राहवून म्हणाले.

"बांधकामाच्या वहीत असेल," साहेब क्षीण आवाजात म्हणाले. "गिलावा झाला होता खरा. चारपाच महिने झाले."

डॉक्टरीणबाईंनी पेटी मिटली. त्यांनी खुणेने सांगितलं की आत्याबाईला वेटोळ्यातून सोडवून हातांवरून सरकू द्यायचं. हे काम मावशींशिवाय कुणाला जमण्यातलं नव्हतं. मावशी काचेच्या आत गेल्या, रोजच्यासारखं तिच्याशी बोलत बोलत डोकं उचललं आणि तिला आपल्या हातांवरून डॉक्टरीणबाईंच्या हातांकडे जाऊ दिलं. आत्याबाई सावकाश सरकत गेली. मधल्या भागानंतर डॉक्टरीणबाईंच्या बोटांखालून एक उंचवटा गेला. मग दुसरा. मग तिसरा. त्या पुटपुटत मोजायला लागल्या आणि मोजता मोजता हसायला लागल्या.

"ट्वेंटी सिक्स," त्या म्हणाल्या. "एग्ज."

एवढा एक शब्द कळायला मावशींना सूनबाई लागली नाही. त्या काचेच्या आतच, अजगराची शेपूट मांडीवर घेऊन, मटकन खाली बसल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदाच बाळंतपण आलं होतं आणि घरातल्या शहाण्या माणसांनी त्याला आतड्याचा रोग ठरवलं होतं. इतका वेळ छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखं त्यांना हलकं वाटलं. आता मेमो येवो नाहीतर नोकरी जावो.

मेमोची बोलणी लगेच झाली. डॉक्टरीणबाई हात धुवायला गेल्या तेव्हा साहेब घसा साफ करत म्हणाले, "मावशी, खुलासा द्यावा लागेल. किती वर्षं चाललं होतं हे? किती कोंबड्या गेल्या असतील?"

"कोल्हीकडे बघून अंदाज करा साहेब."

साहेबांनी खरंच कोल्हीकडे पाहिलं. ती तारेशी बसून मिशा चाटत होती. साहेबांना हसू आलं ते त्यांनी खोकल्यात घातलं.

घरी पोचल्यावर मावशींनी सूनबाईला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. सूनबाईच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"म्हणून तेवढंच वाक्य अडत होतं! आणि मी वेडी पन्नास वेळा घोकून घेत होते. आई, तुम्ही माझ्याकडून खोटं पाठ करून घेतलंत?"

"घेतलं," मावशी म्हणाल्या. "चुकलं माझं. तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. लाज वाटली गं."

सूनबाई थोडा वेळ गाल फुगवून बसली. मग तिने विचारलं, "आणि खरं सांगताना व्याकरण कसं होतं?"

"सगळं मातीत. जॅकल एट, एवढं मात्र बरोबर आलं."

सूनबाईने फुगवलेला गाल किती वेळ धरून ठेवणार! ती हसली ती डोळे पुसेपर्यंत हसली, आणि मावशींनाही मग हसायला मोकळीक मिळाली.

मेमो आला. त्यात सक्त ताकीद होती आणि सेवापुस्तकात नोंद होती, पण नोकरी राहिली. तीन प्रतींतला अर्ज रद्द झाला. वहीत दिले आणि खाल्ले असे दोन वेगळे रकाने आखले गेले, शेजारी तिसरा रकाना कोल्हीचा. हेडक्लार्कनी तो पट्टीने स्वतः आखला.

डॉक्टरीणबाईंनी जाताना मावशींच्या हातात फोन नंबर ठेवला होता. दहा दिवस वाट बघायची, अंडी आली की लगेच कळवायचं. नवव्या दिवशी सकाळी मावशी बादली घेऊन आत गेल्या आणि तशाच थांबल्या. आत्याबाईने ढिगाभोवती वेटोळं घातलं होतं आणि वेटोळ्याच्या फटीतून पांढरं पांढरं दिसत होतं. मावशी बादली उपडी घालून तिच्यावर बसल्या. एक, दोन करत मोजलं. अठ्ठावीस. डॉक्टरीणबाईंची दोन चुकली होती. अठ्ठाविसावं अंडं त्यांच्या डोळ्यांदेखत आलं, ओलं, मऊ, आणि आत्याबाईने ते हनुवटीने हळूच आत ओढून घेतलं.

त्यांनी बसल्या जागेवरून फोन लावला. समोर वही नव्हती, चिठ्ठी नव्हती, सूनबाई शाळेत होती.

"एग्ज केम," त्या म्हणाल्या. "ट्वेंटी एट."

पलीकडून आनंदाचा आवाज आला आणि पाठोपाठ प्रश्न आला. व्हेन?

मावशींनी आत्याबाईकडे पाहिलं. या वेळी त्यांना काही आठवावं लागलं नाही.

"फाइव्ह मिनिट्स अगो," त्या म्हणाल्या, आणि तिकडून डॉक्टरीणबाई पुढचं विचारत असतानाच फोन हातात धरून मोठ्याने रडायला लागल्या.